राखणीचा हिशेब

रात्रीचे दोन वाजायला आले असतील. २०२४ सालचा जुलै महिना, बाहेर बारीक पाऊस आणि दारावर थापा. ‘गुर्जी, लवकर चला, चोर गावलाय!’ डोक्यावर टॉवेल टाकून मी निघालो. आमचे गाव कृष्णाकाठचे, कराड तालुक्यातले. त्या पावसाळ्यात रात्री आकाशात ड्रोन फिरतात, घरे हेरून जातात आणि त्यामागून चोर येतात, अशी आवई उठली होती. ड्रोन प्रत्यक्ष किती जणांनी पाहिले देव जाणे, पण गावातल्या पोरांनी गस्तीची टोळी उभी केली होती. शिट्ट्या, बॅटऱ्या, काठ्या आणि व्हॉट्सॲपचा एक ग्रुप एवढे तिचे भांडवल. खोटे कशाला सांगू, पहिले आठ दिवस आम्हा म्हाताऱ्यांना बरेच वाटले. रात्री शिट्टी ऐकू आली की कूस बदलावी आणि निवांत झोपावे.

मारुतीच्या पारापुढे तीसचाळीस माणसे जमली होती. मधोमध चाळिशीतला एक गृहस्थ बसवलेला. एका पायात चप्पल, दुसरी चिखलात कुठेतरी राहिलेली. गालावर पाच बोटांचा वळ. शेजारी त्याची पिशवी उलटी केलेली : एक लुंगी, औषधाच्या गोळ्यांची दोन पाकिटे आणि कागदाच्या पुड्यातला भडंगाचा लगदा. ‘म्या चोर न्हाई वो, बहिनीकडं चाललोय,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वाटेत एसटी बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत मध्यरात्र झाली, फाट्यावर उतरून तो चालत निघाला. बोली जत भागातली, कानडी हेल असलेली. तेवढ्यावर तो ‘भाईरचा’ ठरला होता.

मी काही बोलायच्या आत पलीकडच्या आळीतली एक म्हातारी गर्दी बाजूला करत पुढे आली. तिने ओळखपत्र मागितले नाही की दरडावले नाही. विचारले एवढेच, ‘कुनाच्यात चाललायसा, बाबा?’ त्याने नाव सांगितले. म्हातारीने कपाळावर हात मारला. ‘आरं मुडद्यांनो, ह्यो वरच्या वाडीतल्या थोरल्या वैनीचा भाऊ. तिचा दाल्ला आजारी हाय.’

मग चहा आला, कोरडे कपडे आले, दोन पोरे मोटारसायकलवर त्याला वाडीपर्यंत सोडून आली. गाव झोपायला गेले. मला मात्र झोप लागली नाही. म्हातारी त्या रात्री लेकीकडे गेली असती तर काय झाले असते, हा विचार पहाटेपर्यंत छळत होता.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि विचारले, ही गस्त कुणी नेमली? तीत कोण कोण आहे? कुणालाही अडवायचे, झडती घ्यायची, हात टाकायचा हा अधिकार त्यांना कुणी दिला? आणि त्या रात्री जे घडले त्याची नोंद कुठे आहे? क्षणभर शांतता पसरली. मग सरपंच हसून म्हणाले, ‘गुरुजी, झालं गेलं गंगेला मिळालं. पोरं स्वतःची झोपमोड करून राखण करत्यात, त्यांना शाबासकी द्यायची सोडून तुम्ही हिशेब कसला मागताय?’ टाळ्या पडल्या. विषय पुढे सरकला. मी खाली बसलो, पण मनात म्हटले, हिशेब राखणीचाच तर मागायचा असतो.

आपल्याकडे तो पूर्वी मागितला जात असे, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात दख्खनच्या गावातल्या जागल्याचे वर्णन आहे. रात्री फिरावे, गावात कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवावी आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढावा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की पुढची जबाबदारी त्या गावच्या जागल्याची. माग जिथे हरवेल त्या गावावर भरपाईचा बोजा. ही पद्धत काही रामराज्य नव्हती. तिच्यात जातीची उतरंड होती, आणि भरपाईच्या नावाखाली गरिबाची पिळवणूकही होत असणार. पण एक गोष्ट तिच्यात पक्की होती : राखण हे शौर्य नव्हते, ती जोखीम होती. राखणदार चुकला तर गावाच्या कनवटीला हात लागे, म्हणून गावाचे त्याच्यावर लक्ष असे.

पुढे इंग्रजांनी काय केले? ज्यांच्या हाती गावाची राखण होती, त्यांच्यापैकीच कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १८७१ साली आलेला आणि पुढे मुंबई इलाख्यातही पोचलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ पर्यंत टिकला. काल ज्याने गावाची राखण करायची, त्यानेच आज चावडीवर हजेरी द्यायची. कायदा गेला, संशय गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडे वळते. पुरावा मागाहून शोधला जातो, किंवा शोधलाच जात नाही.

माझ्या लहानपणी आजोबा प्रतिसरकारच्या गोष्टी सांगत. तेव्हा सातारा जिल्हा एकच होता. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. बेचाळीसच्या चळवळीनंतर इकडचे पोलीस क्रांतिकारकांच्या मागे लागले होते आणि त्या गडबडीत दरोडेखोरांचे फावले होते. काही तर चळवळीचेच नाव सांगून घरे लुटत. तेव्हा १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली कुंडल, वाळवा आणि आसपासच्या गावांतून जे सरकार उभे राहिले, त्याला इंग्रजांशी लढता लढताच गावगुंडांचाही बंदोबस्त करावा लागला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावे आपण जयंती-पुण्यतिथीला घेतो. तुफान सेनेची आठवण काढतो. पत्री मारण्याच्या गोष्टी तर चवीने सांगतो. पण त्या सरकारचा खरा पाया होता गावोगावची न्यायदान मंडळे. बांधाचे तंटे, सावकाराचे गहाणखत, टाकलेल्या बायकोची तक्रार, सगळे गावातच, गावापुढे ऐकले जाई.

आजोबा त्या काळचे मोठे अभिमानी. पण त्यांची एक सवय होती : अभिमानाच्या गोष्टीतली खोट ते दडवत नसत. ते म्हणत, ‘जितं निवाडा दिवसा, चारचौघांत झाला, तितं मानूस गपगुमान मान खाली घालून गेला. जितं चौघांनी राती उसाच्या फडात ठरवलं, तितं कुनाचा तरी जुना डाव साधला.’ इतिहासकार या वाक्याला पुरावा मानतील की नाही ठाऊक नाही. मला मात्र पारापुढच्या त्या रात्री हेच वाक्य आठवले.

स्वातंत्र्यानंतर राखणीचा हा प्रश्न कायद्याने सोडवल्यासारखा वाटतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांत दिवाबत्ती आणि गटारे आहेत, तशीच गावाची व पिकांची राखणही आहे. किती ग्रामपंचायत सदस्यांना हे माहीत असेल? वंशपरंपरेची पाटिलकी गेली आणि १९६७ च्या कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. त्याला नेमतो महसूल विभाग, तो माहिती देतो ठाण्याला, आणि मानधन येते सरकारकडून. ज्या गावाची तो खबर ठेवतो, त्या गावाच्या ग्रामसभेला मात्र त्याला जाब विचारायची काही रीतसर वाट नाही. आमचे पोलीस पाटील सज्जन आहेत म्हणून आमचे निभते. सज्जनपणावर चालणारी व्यवस्था ही व्यवस्था नव्हे, ते नशीब.

मग २००७ साल आले. गृहखाते आर. आर. आबांकडे होते. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. गावाचे भांडण कसे पेटते आणि कोर्टाच्या पायरीवर दोन पिढ्यांची जमीन कशी विरघळते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ग्रामस्वच्छता अभियानाने महाराष्ट्राच्या हातात खराटा दिला होताच, आता महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले तंटे गावात मिटवायचे, गाव तंटामुक्त झाले की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. मी त्या समितीत होतो. शिक्षक म्हणून असायलाच हवे होते. पहिल्या वर्षी आम्ही बांधाची भांडणे मिटवली, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या. सोळा वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या दोघा सख्ख्या भावांना एका ताटात जेवायला बसवले, तेव्हा समितीतले निम्मे लोक डोळे पुसत होते. मोहिमेची टिंगल करणाऱ्यांत मी कधीच सामील होणार नाही, ते या आठवणीमुळे.

पण त्याच समितीच्या एका कागदावर माझी अशी एक सही आहे, जी मला आजही बोचते. गावातली एक सून अंगावरचे वळ घेऊन आली होती. तिला ठाण्यात जायचे होते. बक्षिसाची पाहणी महिन्यावर आलेली, आणि नोंदलेला गुन्हा म्हणजे गावाच्या पाटीला डाग. आम्ही सगळे पुरुष. कागदावर दोन महिला सदस्य होत्या, त्या दिवशी बोलावल्याच नव्हत्या. नवऱ्याला आम्ही दम दिला, तिला ‘पोरीकडं बघ’ म्हणून समजावले, दोघांचे अंगठे-सह्या घेतल्या आणि ‘तंटा मिटला’ असे वहीत लिहिले. आठ महिन्यांनी ती पोरीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. तिचे पुढे काय झाले हे समितीने विचारले नाही, आणि समितीने ते का विचारले नाही हे ग्रामसभेने विचारले नाही. कोणते गुन्हे आपसात मिटवता येतात आणि कोणते येत नाहीत, हे कायद्यात स्पष्ट आहे. आमच्यापैकी एकानेही ते वाचायची तसदी घेतली नव्हती. बांध मिटवायला बसलेल्या माणसांनी त्याच घोंगडीवर बसून बाईची मारहाणही मिटवून टाकली.

त्यानंतर समित्यांचे पीक आले. तंटामुक्ती समिती होतीच. शांतता समिती, महिला दक्षता समिती, बाल संरक्षण समिती होत्या. २०१६ च्या अखेरीस दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा दारूसाठी ग्रामरक्षक दल आले. प्रत्येकाचा हेतू चांगला. आमच्या भागात एकेका माणसाच्या खिशात चार-चार समित्यांची ओळखपत्रे असतात. सरपंचपद हुकलेल्याला तंटामुक्तीचे अध्यक्षपद देऊन शांत करायचे, हाही एक तंटा मिटवण्याचाच प्रकार म्हणायचा! पण गेल्या वर्षी या समित्यांच्या बैठका किती झाल्या, किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती बायकांच्या होत्या, किती ठाण्याकडे पाठवल्या, हे विचारायला गेलात तर वही सापडत नाही. सापडली तर ती कोरी असते, किंवा एकाच शाईने एकाच बैठकीत लिहिलेली.

कोरी वही हा दोष लहान. मला भीती वाटते ती वही नसलेल्या गस्तीची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आमच्या जत-सांगोल्याच्या शेजारचे. त्यांना जिथे कोंडून मारले ती खोली ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची होती. ज्या भिंतींआड गावाच्या सुरक्षेचा विचार व्हायचा, तिथेच. आणि धुळे लांब आहे असे म्हणून सुटका नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना अशाच संशयावरून पट्ट्या-काठ्यांनी झोडपले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. सुदैवाने ते वाचले. या गावांतली माणसे राक्षस होती असे मी मानत नाही. ती आमच्या पोरांसारखीच असणार, गावाची काळजी असलेली. फरक एका म्हातारीचा.

शहरांत प्रश्नाचे रूप वेगळे दिसते. सप्टेंबर २००९ मध्ये ऐन गणेशोत्सवात मिरज पेटली. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एकाचा जीव गेला. शांतता समित्या सगळीकडे आहेत. पण त्यांची बैठक सणाच्या तोंडावर होते. पुढच्या रांगेत तेच चेहरे असतात, चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो. भिवंडीत १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, त्या नेत्यांच्या नव्हे, साध्या माणसांच्या, आणि वर्षभर त्या भेटत राहिल्या. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना दंगलीसाठीच बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली, ती काही एका रात्रीची जादू नव्हती. आणि आपल्याला भिवंडीपर्यंत जायचीही गरज नाही. कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांना खांदा देण्याचे मान हिंदू घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत चाळीसहून अधिक वर्षे मशिदीत गणपती बसतो. तिथे कुणाला काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि ते चुकले तर सगळ्यांना दिसते. महापालिका मात्र कॅमेऱ्यांच्या निविदा काढण्यात दंग. कॅमेरा जरूर बसवा, पण त्यातले चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, बंद पडलेला कधी दुरुस्त होतो, आणि अंधाऱ्या बोळातला दिवा कॅमेऱ्याआधी का लागत नाही, हे कोणत्या नगरसेवकाने सभागृहात लावून धरले?

इंग्लंडात १९९८ च्या कायद्याने पोलीस आणि स्थानिक परिषदा यांना गुन्हे रोखण्यासाठी एकत्र बसवले. आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की एकत्र बसणाऱ्यांनाही कुणीतरी विचारणारे हवे. म्हणून २००६ च्या कायद्याने प्रत्येक परिषदेला या कामाची तपासणी करणारी समिती नेमणे भाग पडले. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण विचारणे हे तिथे कामातच धरले जाते. आमच्याकडे विचारणारा म्हणजे पोरांच्या उत्साहावर पाणी ओतणारा.

कडेगाव तालुक्यातलेच मोहित्यांचे वडगाव. तिथे संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि गाव दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवते, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. ठरवले गावाने, पाळते गाव, आणि मोडले तर विचारायलाही गावच. मुलांच्या अभ्यासासाठी जे जमते, ते गावाच्या राखणीसाठी का जमू नये? माझे मागणे फार नाही. गस्तीतल्या प्रत्येकाचे नाव पंचायतीच्या फळ्यावर असावे. कुणाला अडवले, का, किती वाजता, हे वहीत यावे. अंगाला हात लावायचा नाही. शंका आली तर पोलीस पाटील आणि ११२. समितीत बायका असाव्यात आणि त्यांना बोलावले जावे. आणि वर्षातून एकदा तरी ही वही ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, महिला सभेत आधी.

ऑक्टोबरमध्ये मी हे सगळे एका कागदावर लिहून पंचायतीत दिले. दोन महिने तो टेबलाच्या काचेखाली होता. मग गस्तीतलाच एक पोरगा, त्या रात्री ज्याचा हात उठला होता तोच, स्वतःहून घरी आला. म्हणाला, ‘गुर्जी, वहीचं मी बगतो. पर पयलं नाव माजं लिव्हा, थप्पड मारल्याचं.’ मी लिहिले नाही, त्यालाच लिहायला लावले. त्याचे अक्षर अजूनही चौथीत होते तसेच गिचमिड आहे. जानेवारीच्या ग्रामसभेत ते पान वाचले गेले. पाचसहा जण उठून बाहेर गेले, बाकीचे बसले.

त्या आधी दिवाळी उरकल्यावर मी वरच्या वाडीत जाऊन आलो होतो. थोरल्या वैनींचा नवरा आता उठून बसला आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. मी जे सांगायला गेलो होतो ते अर्धवटच सांगता आले. भाऊ नंतर आला होता का, असे विचारले.

‘आला की वो दोनदा,’ त्या म्हणाल्या. ‘पर आता उजेडाचाच येतो. दुपारच्या गाडीनं येतो आन्‌ चारच्या गाडीनं जातो. मुक्कामाला ऱ्हात न्हाई.’